लाइन शंभरची, हाती अकरा

गोंदियात काय, तिरोड्यात काय नि आमगावात काय, घरात फायबरची नवी लाइन आली की पहिल्या दोन-चार दिवसांत एक तक्रार हमखास होते. "शंभर एमबीचे पैसे भरले आणि कॉम्प्युटर तर अकराच दाखवतोय." लाइन जोडून गेलेल्या पोराला फोन जातो. तो म्हणतो, "काका, स्पीड टेस्ट लावून बघा ना, चौऱ्याण्णव येते." ग्राहकाला वाटतं, हा आपल्याला गुंडाळतोय. पोराला कळत नाही, आता यांना समजवायचं कसं. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. अकरा आणि चौऱ्याण्णव हे एकाच वेगाचे आकडे आहेत, मापं तेवढी वेगळी. हे माप ज्याला नीट कळलं, त्याची निम्मी भांडणं आपोआप मिटतात, आणि जी खरोखर करायला हवीत ती योग्य जागी करता येतात.

कॉम्प्युटरच्या पोटात सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेली असते. अशी एक खूण म्हणजे एक बिट. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हा शब्द वापरला आणि तो सुचवल्याचं श्रेय जॉन टुकी यांना दिलं. आठ बिटांचा गठ्ठा म्हणजे एक बाइट. हा शब्द आयबीएम कंपनीतल्या वेर्नर बुखहोल्झ यांनी १९५६ मध्ये काढला. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही वेगवेगळी चिन्हं धरली जातात. 'गोंदिया' लिहिताना ग, त्याची मात्रा, अनुस्वार, द, वेलांटी, य आणि काना अशी सात चिन्हं येतात. म्हणजे २१ बाइट, म्हणजेच १६८ बिट. आपल्या जिल्ह्याचं नुसतं नाव कुणाला पाठवायचं तर एवढे शून्य-एक पाठवावे लागतात.

फाइल केवढी आहे ते आपण बाइटमध्ये सांगतो. फोटो तीन मेगाबाइटचा, सिनेमा सातशे मेगाबाइटचा, फोनची जागा १२८ गिगाबाइट. लाइनीचा वेग मात्र बिटमध्ये सांगायची रीत आहे: एका सेकंदाला किती बिट. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, म्हणजे दहा कोटी बिट. याला आठने भागा. साडेबारा मेगाबाइट आले. आकडा बघितला की आठने भागायचं, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ झालं. रोमन लिपीत छापताना छोटा बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट असा भेद पाळतात. आपण बोलताना दोन्हींना 'एमबी' म्हणून मोकळे होतो. दुकानाच्या फलकावरही 'शंभर एमबी' एवढंच रंगवलेलं असतं, आणि घरी आलेला माणूस डाउनलोडच्या खिडकीत शंभर शोधत बसतो.

यात कंपन्यांची लबाडी आहे असा पुष्कळांचा समज आहे. मोठा आकडा दाखवायला त्यांना बरा पडतो हे खरं, पण रीत त्यांनी पाडलेली नाही. तारेतून बिट एकामागून एक जातात, आणि तारायंत्र-टेलिफोनच्या काळापासून अभियंते तारेचा वेग अशाच सुट्या खुणांमध्ये मोजत आले. बाइट आठच बिटांचा, हेसुद्धा सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. सहा बिटांचे गठ्ठे वापरणारी यंत्रंही होती. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका आली आणि मग आठचा पायंडा पक्का झाला. ज्या मापाचा आकारच पक्का नव्हता, त्यात लाइनीचा वेग कोण मोजणार?

साडेबारा यायला हवेत हे कळलं. मग अकराच का? मधले दीड कुठे गेले? इथे गोंदियाच्या माणसाला वेगळा दाखला शोधायला नको. राइस मिलमध्ये भरडाईला एक क्विंटल धान टाकलं की क्विंटलभर तांदूळ निघत नाही. सरकारी भरडाईत साध्या तांदळासाठी धरलेला उतारा ६७ किलोचा आहे. बाकी कोंडा, भुसा, कणी. इंटरनेटवरही माहिती मोकळी जात नाही, टरफलात बांधून जाते. फाइलचे बारके तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला कुठून आला, कुठे जायचा, कितवा आहे, वाटेत मोडला तर ओळखायचा कसा, अशी माहिती जोडतात. नेहमीच्या लाइनीवर एक तुकडा १५०० बाइटचा असतो. त्यातले ४० बाइट पत्त्यात आणि क्रमांकात जातात, आणि उरलेल्या १४६० मध्ये आपली फाइल बसते. शिवाय तारेवर दोन तुकड्यांच्या मधली मोकळी जागा, सुरुवातीची खूण, तपासणीचा आकडा वगैरे मिळून आणखी ३८ बाइट लागतात. म्हणजे १५३८ बाइटची जागा अडते तेव्हा १४६० बाइट कामाचे पोचतात. हा उतारा जवळजवळ ९५ टक्क्यांचा झाला, आणि मिलपेक्षा तो खूपच चांगला आहे. स्पीड टेस्टवर दिसणारे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव ते हेच.

पंच्याण्णवला आठने भागलं की ११.८८ येतात. आणि कॉम्प्युटरवर तर ११.३ दिसतात. हा शेवटचा अर्धा मेगाबाइट मोजणीच्या पद्धतीत जातो. लाइनवाले मेगा म्हणजे बरोबर दहा लाख धरतात. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ धरून भागाकार करतं. १२८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह लावला की ११९ दिसतात, त्याचंही कारण हेच. इथे चोरी कुठेच झालेली नाही. शंभरच्या लाइनीवर सव्वाअकरा मेगाबाइट येत असतील तर लाइन ठणठणीत आहे.

आता खरी गळती कुठे होते ते पाहू.

समजा कुणी शंभरची लाइन बदलून दोनशेची घेतली. महिन्याचं बिल वाढलं, पण टेस्ट लावली की काटा ९४ वर येऊन थांबतो. सकाळी ९४, दुपारी ९४, मध्यरात्री ९४. काटा असा एकाच आकड्याला चिकटून बसला की समजावं, आडकाठी घरातच आहे. राउटर उलटा करून खालची चिठ्ठी आणि मागची भोकं बघा. स्वस्त राउटरची भोकं पुष्कळदा शंभर एमबीपीएसच्या जातीची असतात. त्यांतून शंभरच्या वर काहीही जात नाही, आणि शंभरचा उतारा ९४-९५ हे वर पाहिलंच. राउटर चांगला असेल तर त्याच्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल काढून तिचं टोक उजेडात धरा. पारदर्शक खुंटीत आठ रंगीत तारा शेजारी-शेजारी दिसायला हव्यात. शंभरपर्यंतच्या वेगाला चारच तारा पुरतात, त्याच्या वर जायला आठही लागतात. एखादी तार नीट दाबली गेली नसेल किंवा उंदराने कुरतडली असेल तर दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून गुपचूप शंभरवर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही. नवी केबल शंभर-दीडशे रुपयांत येते.

वायफायचं दुखणं याहून मोठं. राउटरच्या खोक्यावर '३०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं. तो आकडा दोन अँटेना, रुंद पट्टा आणि अगदी शेजारी बसलेला फोन गृहीत धरून काढलेला असतो. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एका अँटेनाच्या साध्या फोनची कागदावरची कमाल ७२ एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मिळाले तरी ठीक. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटर बोलत असताना फोन थांबतो, फोन बोलत असताना राउटर थांबतो, आणि शेजारच्या घरातला राउटर त्याच पट्ट्यावर असेल तर दोघंही थांबतात. जाड विटांच्या किंवा मातीच्या भिंती लहरी गिळतात, आणि टिनाचे पत्रे तर त्या परत फिरवतात. म्हणून लाइन खराब आहे असं म्हणण्याआधी एकदा केबल जोडून मोजावं. केबलवर आकडा बरोबर आणि वायफायवर कमी आला तर राउटर उचलून घराच्या मधोमध, उंचावर, कपाटाबाहेर ठेवायचा. फोन चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडायचं. त्याचा पल्ला कमी, पण गर्दीही कमी.

घराबाहेर पडलं की वाटणी सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक फायबर लाइनी ज्या पद्धतीने टाकलेल्या आहेत तिचं नाव जीपॉन. केंद्रातून काचेचा एक तंतू निघतो आणि वाटेत एका डबीत त्याचे ३२ किंवा ६४ फाटे होतात. मूळ तंतूची येण्याची क्षमता २,४८८ एमबीपीएस आणि जाण्याची त्याच्या निम्मी. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८, चौसष्टांनी लावला तर ३९. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत, या भरवशावर शंभरचे प्लॅन विकले जातात, आणि दिवसा हा भरवसा खरा ठरतो. रात्री आठ ते दहा, सामना असला की विशेष, तो ढासळतो. शिवाय पुरवठादाराने गावापर्यंत आणलेली मुख्य लाइनच तोकडी असेल तर डबीतलं गणित चांगलं असूनही रात्री वेग पडतो. यासाठी सकाळी सहाचा आकडा आणि रात्री नऊचा आकडा असे दोन्ही हवेत. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही.

ग्रामपंचायतीपर्यंत काच नेण्याची सरकारी योजना हीच पद्धत वापरते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिला मंजुरी मिळाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, आणि देशातल्या सुमारे अडीच लाख पंचायतींना शंभर एमबीपीएस देणं हे उद्दिष्ट ठरलं. हे शंभर पंचायतीच्या दारापर्यंतचे आहेत. तिथून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि घरं हा पुढचा टप्पा वेगळा, त्याला वेगळी तार नि वेगळा माणूस लागतो. पंचायतीतलं यंत्र विजेवर चालतं. वीज गेली आणि बॅटरी उतरलेली असली की काच शाबूत असूनही वेग शून्य.

तरीही जिल्ह्यातले बहुतेक लोक इंटरनेट वापरतात ते मोबाईलवर, आणि तिथलं गणित अगदी निराळं आहे.

मोबाईल कंपनीकडे लहरींचा ठरावीक पट्टा असतो. ४जी मध्ये पाच मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा असेल तर नेहमीच्या दोन अँटेनांच्या रचनेत मनोऱ्याच्या एका दिशेची कमाल ३७.५ एमबीपीएस, दहा असेल तर ७५, वीस असेल तर १५०. हा आकडा त्या दिशेला असलेल्या सगळ्या फोनांचा मिळून आहे. त्यातही मनोऱ्याजवळच्या फोनला एका ठोक्यात सहा बिट पाठवता येतात, कारण आवाज स्वच्छ ऐकू येतो. दूरच्या फोनला चुकामुक होऊ नये म्हणून दोनच बिट पाठवावे लागतात. त्याच कामाला त्याला तिप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. गावाच्या टोकाला बसून सिनेमा बघणारा माणूस चौकातल्या लोकांचाही वेग खातो, तो असा.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूला जंगल आणि डोंगर मधे येतात. पानांतलं पाणी लहरी शोषून घेतं. लहर जितकी आखूड तितकं शोषण जास्त, म्हणून ७०० मेगाहर्ट्झसारखा खालचा पट्टा झाडीतून लांब पोचतो, आणि ५जी चा ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा, ज्याच्या वेगाच्या जाहिराती आपण बघतो, तो शहराच्या चौकात चमकतो आणि जंगलाच्या कडेला विझतो. नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या भागात सुरुवातीला उभारलेले सरकारी मनोरे २जी चे होते, म्हणजे मुख्यतः बोलण्यापुरते. महाराष्ट्रासह दहा राज्यांतल्या अशा २,३४३ ठिकाणी ४जी आणायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. मनोऱ्यावर ४जी ची पाटी लागली म्हणून वेग आलाच असंही नाही. मनोऱ्यापासून पुढे शहरापर्यंत माहिती कशाने जाते, काचेने की उपग्रहाने, यावर सगळं ठरतं. फोनच्या दांड्या मनोरा किती स्पष्ट ऐकू येतो एवढंच दाखवतात. मनोऱ्यामागची वाट अरुंद असेल तर दांड्या पूर्ण भरूनही पान उघडत नाही.

आणि आता तो आकडा, ज्याची जाहिरात कुणीच करत नाही आणि धानाच्या जिल्ह्याला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे: अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून जाण्याचा वेग.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचे, आता शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून फोटो काढायचा आणि जागेच्या खुणेसकट पाठवायचा. सातबाऱ्यावर पीक चढतं ते या नोंदीने, आणि आधारभूत किमतीने धान विकायला, नुकसानभरपाई मागायला तोच सातबारा लागतो. रोवणी झालेली आहे, शेतकरी धुऱ्यावर उभा आहे, फोनवर दोन दांड्या आहेत. व्हिडिओ लावला तर अडखळत का होईना चालतो. फोटो मात्र जात नाही. गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा'. शेतकऱ्याला वाटतं अ‍ॅप बिघडलंय. कधी ते बिघडलेलंही असतं. पण मुळात एक साधं कारण आहे. मनोऱ्याचं यंत्र कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतं, आणि आपला फोन जास्तीत जास्त पाव वॅटपेक्षाही कमी, सुमारे ०.२ वॅटने. मनोऱ्याचं बोलणं शेतात ऐकू येतं, शेतातलं बोलणं मनोऱ्याला पुसट ऐकू येतं. म्हणून डाउनलोड दहा एमबीपीएस दिसत असताना अपलोड पाव एमबीपीएससुद्धा असू शकतो. तीन मेगाबाइटचा फोटो म्हणजे २४ मेगाबिट. पाव एमबीपीएसने त्याला ९६ सेकंद लागतात, आणि एवढ्या वेळात जोडणी एकदा जरी तुटली तरी पहिल्यापासून सुरुवात.

यावर शेतकऱ्याच्या हातात थोडंफार आहे. कॅमेऱ्याची प्रतिमा बारीक ठेवता येते. एक मेगाबाइटचा फोटो तिसऱ्या हिश्शाच्या वेळात जातो आणि पीक त्यातही ओळखू येतं. झाडाखालून, झोपडीतून बाहेर यावं. फोन कमरेला न ठेवता डोक्याच्या वर धरला तरी फरक पडतो, कारण जवळचं ओलं पीक आणि आपलं स्वतःचं शरीर दोन्ही लहरी शोषतात. पहाटे मनोऱ्यावर गर्दी कमी असते. पण एवढं करणं शेतकऱ्याच्या अंगावर टाकून व्यवस्थेने मोकळं होऊ नये, असं मला फार वाटतं. ज्या कामाला शेतात उभं राहणं सक्तीचं आहे, त्या कामासाठी शेतातला अपलोड मोजला गेला पाहिजे. गावाच्या चौकात उभं राहून मोजलेला डाउनलोड इथे काही सांगत नाही.

रोजच्या कोट्याचं गणितही एकदा करून बघण्यासारखं आहे. दिवसाला दीड गिगाबाइट म्हणजे १२,००० मेगाबिट. शंभर एमबीपीएसचा ५जी मिळाला तर हा कोटा १२० सेकंदांत संपतो. वेग वाढला म्हणजे वापर वाढला असं होत नाही, कोटा तेवढाच राहतो. तो संपल्यावर पुष्कळ प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. केबी, मेगाच्या हजार पट खाली. आठने भागलं की सेकंदाला आठ किलोबाइट. पाच मेगाबाइटची पीडीएफ उघडायला सव्वासहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटांच्या वर. मात्र याच ६४ वर साधा व्हॉट्सअ‍ॅप मजकूर जातो, कारण तो काही शे बाइटचा असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा टेलिफोनवरून ९.६ केबीपीएस मिळायचे. आजचा तीन मेगाबाइटचा फोटो त्यावर चाळीस मिनिटांहून जास्त घेईल. 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला लागणारा किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस ठरला, २०१३ मध्ये ५१२ आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट.

वेग भरपूर असूनही काम अडतं, त्याचा उलगडा आणखी एका आकड्यात आहे. त्याला पिंग म्हणतात: एक छोटी हाक गेली आणि तिचं उत्तर आलं, यात लागलेला वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. गोंदिया ते मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास. विदर्भ एक्स्प्रेसला जिथे रात्र घालवावी लागते, तिथे प्रकाश जाऊन येऊन दहा हजारांश सेकंदात परततो. वाटेतली यंत्रं धरून वीस-पंचवीस झाले तरी उत्तम. एखादं सुरक्षित पान उघडायचं तर पहिलं अक्षर दिसण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात: पत्ता शोधणं, ओळख पटवणं, कुलूप लावणं. फेरी तीस हजारांश सेकंदाची असेल तर ते जाणवतही नाही. जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या स्थिर उपग्रहातून जायचं असेल तर एका फेरीला निदान अर्धा सेकंद लागतो, आणि मग वेग कितीही असो, पान उघडायला दोन सेकंद जातातच.

यूपीआयचा व्यवहार काही किलोबाइटचा असतो. त्याला शंभर एमबीपीएस नको, दहा नको, एकसुद्धा नको. त्याला तुटणार नाही अशी जोडणी आणि झटपट फेरी हवी. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्याचं 'पेमेंट अडकलं' ते मनोऱ्यावरच्या गर्दीने, आणि कधी बँकेच्या बाजूने. दहावीच्या निकालाला पान उघडत नाही तेव्हा आपली लाइन मोकळीच असते. लाखो लोक एकाच दारावर उभे असतात, आणि पलीकडचा सर्व्हर जेवढं देईल तेवढंच आपल्यापर्यंत येतं. उलट बाजूने बघितलं तर गरजा फारशा मोठ्या नाहीत. व्हिडिओ कॉलला एक-दीड एमबीपीएस पुरतात, चांगल्या चित्राच्या सिनेमाला पाच, सर्वांत बारीक ४के चित्राला पंधरा-वीस. चार माणसांच्या घराला पन्नासची भक्कम लाइन ही रात्री कोलमडणाऱ्या दोनशेपेक्षा केव्हाही बरी.

आता मोजायचं कसं. बहुतेक स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडतात, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात आणि दहा-पंधरा सेकंद जोर लावतात. म्हणून ती टेस्ट लाइनीची चांगल्यात चांगली बाजू दाखवते. एखादी फाइल मात्र दूरच्या सर्व्हरवरून एकाच जोडणीने येते आणि कमी वेगाने उतरते. टेस्टमध्ये शक्य असेल तर नागपूरऐवजी मुंबई किंवा त्याहून दूरचा सर्व्हर निवडूनही एकदा बघावं. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड हे अ‍ॅप २०१६ मध्ये आलं, त्यात मोजलेले आकडे नियामकापर्यंत पाठवताही येतात. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मोबाईल कंपन्यांनी कुठे कोणती सेवा पोचते याचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर ठेवायचे आहेत. सिम घेण्याआधी आपलं गाव त्यात बघून घ्यावं.

तक्रार करायची तर ती कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून क्रमांक घ्यायचा. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांच्या आत द्यायचा असतो. तक्रारीत डाउनलोड, अपलोड आणि पिंग हे तिन्ही आकडे तारीख-वेळेसकट लिहा, आणि केबल जोडून मोजले की वायफायवर, हेही लिहा. 'नेट स्लो आहे' एवढ्यावर 'राउटर बंद करून चालू करा' हेच उत्तर मिळतं. 'शंभरचा प्लॅन, केबलवर मोजलं, सकाळी सहाला ९४, रात्री नऊला १८, सलग आठवडाभर' असं लिहिलं की कुणाला तरी फाट्यांच्या त्या डबीपर्यंत जावंच लागतं.